डॉ. अल्झायमर आणि वार्धक्याचा जमाखर्च

काही माणसांची नावे इतकी रुळून जातात की त्या नावामागे कधीकाळी एखादा हाडामांसाचा माणूस होता याचाच लोकांना विसर पडतो. अल्झायमर हे असेच एक नाव. घरातले आजोबा जेवण झाल्यावर पुन्हा जेवायला मागू लागले किंवा आजीला पोटच्या मुलाची ओळख पटेनाशी झाली, की हल्ली शेजारीपाजारी हे नाव सहज घेतले जाते. हा परका शब्द मराठी घरांतून आता इतका सर्रास वावरतो की ते एका डॉक्टरचे आडनाव असेल अशी शंकाही कोणास येत नाही. विस्मृतीच्या रोगाला ज्याचे नाव मिळाले तोच विस्मृतीत जावा, हा योगायोग विचित्र खरा.

प्रस्तुत लेखक वैद्यकाचा अभ्यासक नव्हे. अर्थशास्त्र शिकविणे हा त्याचा व्यवसाय. तेव्हा मेंदूतील पेशींविषयी अधिकारवाणीने बोलण्याचा आव त्याने आणू नये हेच बरे. परंतु डॉ. आलॉइस अल्झायमर यांची जीवनकथा वाचत असता एक गोष्ट मनातून जाईना. या कथेत पहिल्यापासून शेवटपर्यंत पैशाचा प्रश्न आहे. बुद्धी हरवलेल्या माणसाला सांभाळण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, आणि त्या माणसाला रोगी म्हणावयाचे की नुसता म्हातारा, हे दोन प्रश्न वरवर निराळे दिसतात. वस्तुतः ते एकच आहेत. रोग म्हटले की इस्पितळ, औषध, संशोधन, अनुदान हे सारे ओघाने येते. म्हातारपण म्हटले की घरातली अंधारी खोली पुरते. साठी आणि बुद्धी नाठी अशी म्हण आपल्याकडे आहे. ती तयार करणारांनी एका वाक्यात हा सारा हिशेब मिटवून टाकला.

अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी बव्हेरियातील मार्क्टब्राइट या माइन नदीकाठच्या लहानशा गावी झाला. वडील नोटरी होते. शालेय शिक्षण आशाफेनबुर्ग येथे आणि वैद्यकाचे शिक्षण बर्लिन, व्युर्झबुर्ग व ट्युबिंगेन येथे झाले. विद्यार्थिदशेत ते अभ्यासाइतकेच मौजमजेतही पुढे असत. त्या काळच्या जर्मन विद्यार्थ्यांत तलवारीची द्वंद्वे खेळण्याची प्रथा होती. तशा एका द्वंद्वात डाव्या गालावर झालेल्या जखमेचा व्रण त्यांनी जन्मभर वागविला. १८८७ साली त्यांनी डॉक्टरेटसाठी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय होता कानातील मळ निर्माण करणाऱ्या ग्रंथी. पुढे ज्याच्या नावाशी मानवी स्मृतीचे सर्वांत मोठे दुखणे जोडले जावयाचे होते, त्याचा आरंभ असा अगदी सामान्य विषयापासून झाला. मात्र सूक्ष्मदर्शकाशी त्यांची जी गाठ याच काळात पडली ती अखेरपर्यंत सुटली नाही.

१८८८ च्या डिसेंबरात ते फ्रँकफर्ट येथील वेड्यांच्या व अपस्माराच्या रोग्यांच्या नगरपालिका इस्पितळात साहाय्यक डॉक्टर म्हणून रुजू झाले. गावाबाहेरच्या टेकाडावरील त्या भव्य गॉथिक इमारतीला गावकरी वेड्यांचा राजवाडा म्हणत. ती उभारण्याचे श्रेय डॉ. हाइन्रिख हॉफमन यांचे. जर्मन मुलांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेल्या श्ट्रुव्हेलपेटर या बालपुस्तकाचे लेखक ते हेच. हॉफमन निवृत्त झाले आणि एमिल सियोली यांच्याकडे सूत्रे आली. रोग्यांना बांधून ठेवणे, कोंडून घालणे शक्य तो टाळावे, खवळलेल्या रोग्याला कोमट पाण्यात दीर्घकाळ बसवून शांत करावे, असा नव्या धोरणाचा रोख होता. अल्झायमर या कामात मनापासून रमले. दिवसा रोग्यांशी तासन्‌तास बोलत बसावे आणि रात्री मृत रोग्यांच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, असा त्यांचा क्रम पडला.

दुसऱ्याच वर्षी फ्रान्झ निस्ल हे त्यांचे सहकारी झाले, आणि ही मैत्री जन्माची ठरली. मेंदूच्या पेशी रंगवून स्पष्ट दिसतील अशी पद्धती निस्ल यांनी बसविली होती. येथे अर्थशास्त्राच्या माणसाला एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. हे रंग म्हणजे कापड रंगविण्यासाठी जर्मन कारखान्यांत तयार होणारे कृत्रिम रंग होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीने रंगांच्या उद्योगात साऱ्या जगाला मागे टाकले, आपल्याकडील निळीची शेती त्यात बुडाली, आणि त्याच उद्योगाच्या आडपैदाशीने मेंदूचे अंतरंग प्रथम उजेडात आले. पुढे १९२८ ते १९३० या काळात त्या रंगकारखान्यांच्या महासंघाने, म्हणजे आय. जी. फार्बेन कंपनीने, आपली प्रचंड कचेरी बांधली ती याच वेड्यांच्या राजवाड्याच्या जागी. आज तेथे विद्यापीठाचे वर्ग भरतात. असो.

१८९४ साली अल्झायमर यांनी सेसिली गाइसेनहाइमर या विधवा स्त्रीशी विवाह केला. तिचे पहिले पती हिऱ्यांचे व्यापारी होते आणि त्यांच्या आजारपणातच अल्झायमर यांचा त्या घराशी संबंध आला होता. सेसिलीबाई श्रीमंत होत्या. त्यामुळे अल्झायमर यांना पगाराची विवंचना उरली नाही. तीन मुले झाली. संसार सुखाचा होता, पण तो जेमतेम सात वर्षे टिकला. १९०१ च्या फेब्रुवारीत सेसिलीबाई वारल्या. धाकटी मुलगी तेव्हा तान्ही होती. अल्झायमर यांची अविवाहित बहीण घर सांभाळावयास येऊन राहिली आणि त्यांनी स्वतःला कामात अक्षरशः गाडून घेतले.

त्याच वर्षीच्या २५ नोव्हेंबरला रेल्वे कचेरीतला एक कारकून आपल्या बायकोला घेऊन इस्पितळाच्या दारी आला. कार्ल डेटर त्याचे नाव, आणि बायको ऑगस्टे. वय अवघे ५१. संसार नेटका, एक मुलगी, घरात कशाची ददात नव्हती. गेल्या काही महिन्यांत मात्र बाईंचे वागणे पार बदलले होते. आधी नवऱ्याविषयी नाही नाही ते संशय सुरू झाले. मग स्वयंपाक बिघडू लागला, वस्तू भलत्याच ठिकाणी दडवून ठेवल्या जाऊ लागल्या, आणि कोणी तरी आपल्या जिवावर उठले आहे अशा भीतीने त्या घरभर फिरू लागल्या. कारकुनाच्या तुटपुंज्या मिळकतीत आणि दोन खोल्यांच्या घरात असा माणूस सांभाळणे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना निराळे सांगावयास नको.

दुसऱ्या दिवशी अल्झायमर त्यांच्या खाटेपाशी जाऊन बसले. नाव विचारले, ते बाईंनी बरोबर सांगितले. आडनाव विचारले तर पुन्हा तेच नाव. नवऱ्याचे नाव विचारले, तर थोडा विचार करून आपलेच नाव त्यांनी पुन्हा सांगितले. पेन्सिल, किल्ली, विडी अशा वस्तू दाखविल्या, त्या त्यांनी ओळखल्या. पण थोड्या वेळाने काय काय दाखविले होते हे विचारता काहीच आठवेना. दुपारी त्यांच्या ताटात फ्लॉवर आणि डुकराचे मांस होते. काय खाता असे विचारले तर त्या पालकाचे नाव घेत. अल्झायमर हे सारे प्रश्नोत्तर जसेच्या तसे टिपून ठेवीत. एक दिवस नव्हे, पुढे अनेक दिवस. यात आश्चर्य ते काय, असे आजच्या वाचकास वाटेल. परंतु वेड्यांच्या इस्पितळातील एका कारकुनाच्या बायकोची असंबद्ध उत्तरे शब्दशः लिहून ठेवण्याजोगी आहेत, असे वाटणारा डॉक्टर त्या काळी विरळाच होता. आणि बाईंचे वय ध्यानात घेतले पाहिजे. त्या ७५ वर्षांच्या असत्या तर खुद्द अल्झायमर यांनीही इतके बारकाईने पाहिले असते की नाही, याची मला शंका आहे. वेळेआधी आलेल्या म्हातारपणाने त्यांची जिज्ञासा जागी केली.

१९०३ साली अल्झायमर फ्रँकफर्ट सोडून प्रथम हायडेलबर्गला आणि लगेच म्युनिकला गेले. मनोविकारांचे वर्गीकरण करणारे विख्यात प्राध्यापक एमिल क्रेपेलिन यांनी त्यांना बोलावून घेतले होते. बाई फ्रँकफर्टलाच राहिल्या. इस्पितळाचा खर्च कार्ल डेटरला झेपेना. पत्नीला कमी खर्चाच्या संस्थेत हलवावे अशी त्याची विनंती होती. अल्झायमर यांनी म्युनिकहून शब्द टाकला आणि बाईंना तेथेच ठेवण्यात आले. त्यांच्या मृत्यूनंतर टिपणे व मेंदू आपल्याकडे धाडले जावेत अशी त्यांनी व्यवस्था लावली. यात करुणा किती आणि शास्त्रीय स्वार्थ किती, याचा निवाडा कठीण आहे. दोन्ही होते असे मानणे मला अधिक प्रामाणिकपणाचे वाटते. चरित्रनायकाला देवपण देण्याची आपल्याकडची रीत येथे पाळण्याचे कारण नाही. बाईंना निगा मिळाली हे खरे, आणि ती मिळण्याचे कारण त्यांचा मेंदू कोणास तरी मोलाचा वाटत होता हेही खरे. शेजारच्या खाटेवरच्या बाईला हे भाग्य नव्हते.

म्युनिकमध्ये अल्झायमर यांना देण्याजोगी पगारी जागा क्रेपेलिन यांच्याकडे नव्हती. काही काळ त्यांनी बिनपगारी काम केले. उदरनिर्वाह दिवंगत पत्नीने मागे ठेवलेल्या संपत्तीवर चालला. म्हणजे ज्या शोधावर आज जगभर अब्जावधींचा व्यवहार चालतो, त्याच्या मुळाशी कोणते सरकारी अनुदान नव्हते, हिऱ्यांच्या व्यापारातील नफा होता. मोठमोठ्या शोधांचे भांडवल कधी कधी असे आडवाटेने येते, आणि आडवाटेने आलेल्या भांडवलावर कोणत्याही समाजाला कायम विसंबून राहता येत नाही.

त्यांची प्रयोगशाळा मात्र पाहण्यासारखी होती. देशोदेशींचे तरुण डॉक्टर तेथे येत. इटलीहून पेरुसिनी आणि बोन्फिल्यो आले. १९०४ साली अमेरिकेतून सॉलोमन कार्टर फुलर आले. आफ्रिकेत लायबेरियात जन्मलेल्या या कृष्णवर्णीय डॉक्टरचे आजोबा व्हर्जिनियात गुलाम होते आणि त्यांनी स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले होते. लेवी आणि याकोब हे पुढे स्वतःच मेंदूच्या विकारांना नावे देऊन गेलेले संशोधकही याच प्रयोगशाळेतले. अल्झायमर बोलघेवडे शिक्षक नव्हते. ते एकेका विद्यार्थ्याच्या शेजारी बसत, सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बराच वेळ न्याहाळत, मग चार शब्दांत समजावून देत. तोंडातली सिगार ते तेथेच टेबलावर ठेवत आणि विसरून पुढच्या विद्यार्थ्याकडे जाऊन नवी पेटवीत. दिवस मावळेपर्यंत प्रत्येक सूक्ष्मदर्शकाशेजारी एकेक अर्धवट जळलेली सिगार पडलेली असे.

८ एप्रिल १९०६ रोजी ऑगस्टे डेटर वारल्या. अखेरच्या काळात त्या अंथरुणाला खिळल्या होत्या आणि कोणासही ओळखत नव्हत्या. मेंदू म्युनिकला आला. चांदीच्या क्षाराने ऊतक रंगविण्याची एक नवी पद्धती तेव्हा नुकतीच हाती आली होती. तिच्या साहाय्याने अल्झायमर यांनी पाहिले तेव्हा मेंदूचा बाह्यस्तर आक्रसलेला, असंख्य पेशी नाहीशा झालेल्या. उरलेल्या पेशींत जाड धाग्यांचा गुंता माजलेला, आणि काही ठिकाणी पेशी संपूनही तो गुंताच तेवढा मागे राहिलेला. शिवाय पेशींच्या मधल्या जागेत कसल्या तरी पदार्थाचे बारीक बारीक गोळे ठिकठिकाणी साचलेले. बाईंच्या विस्मृतीला, संशयाला, भीतीला मेंदूत काही ठोस आधार होता. तो डोळ्यांनी दिसत होता, कागदावर रेखाटता येत होता.

नोव्हेंबर १९०६ च्या पहिल्या आठवड्यात ट्युबिंगेन येथे नैऋत्य जर्मनीतील मनोरोगतज्ज्ञांचे संमेलन भरले. अल्झायमर यांनी तेथे ही हकीकत मांडली, चित्रे दाखविली आणि ते प्रश्नांची वाट पाहू लागले. कोणीही प्रश्न विचारला नाही. सभेला फ्रॉइडच्या नव्या मतांवरील वादात अधिक रस होता. अध्यक्षस्थानी फ्रायबुर्गचे प्राध्यापक आल्फ्रेड हॉखे होते. चर्चा नाही असे पाहून ते पुढच्या व्याख्यात्याकडे वळले.

या हॉखे महाशयांपाशी थोडे थांबणे अवश्य आहे; अल्झायमर यांच्या चरित्रात त्यांचा उल्लेख बहुधा एवढ्याच प्रसंगापुरता येतो. १९२० साली, पहिल्या महायुद्धात जर्मनीचे दिवाळे निघाले असता, कार्ल बिंडिंग या कायदेपंडिताच्या जोडीने त्यांनी एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. जी जीवने जगण्याच्या लायकीची नाहीत ती संपविण्यास कायद्याने मुभा असावी, असा त्यातील युक्तिवाद होता. हॉखे यांनी त्यात हिशेब मांडला आहे. मतिमंद माणसाला संस्थेत सांभाळण्यास दरसाल दरडोई सरासरी १३०० मार्क खर्च येतो; अशी इतकी माणसे, इतकी वर्षे, तर राष्ट्राचा एवढा पैसा अनुत्पादक कामी गेला. हिशेब म्हणून पाहिला तर त्यात चूक काढणे कठीण. त्या ताळेबंदाला जमेची बाजूच नाही, आणि खर्चाच्या रकान्यात माणूस बसविला आहे. नाझी राजवटीत हेच उदाहरण शाळेच्या गणिताच्या पुस्तकांत शिरले. वेड्यांच्या इस्पितळावर होणाऱ्या खर्चात कामगारांची घरे किती बांधता येतील, अशी गणिते मुलांना घालण्यात आली. ती सोडवून घेणारे शिक्षकच होते, हे आपण शिक्षकांनी विसरू नये. १९३९ साली इस्पितळांना छापील तक्ते आले. रोग्याचा विकार कोणता आणि तो काय काम करू शकतो, ही माहिती भरून पाठवावयाची होती. नोंदवावयाच्या विकारांच्या यादीत वार्धक्यातील बुद्धिभ्रंशही होता. ऑगस्ट १९४१ पर्यंत सुमारे ७० हजार रोगी विषारी वायूने मारले गेले. त्यानंतरही उपासमारीने आणि सुईने हे काम चालूच राहिले.

अल्झायमर यांना हे काही पाहावे लागले नाही. १९०७ साली त्यांनी आपले निरीक्षण अवघ्या दोन-तीन पानांत प्रसिद्ध केले. १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाच्या आठव्या आवृत्तीत त्याला अल्झायमरचा रोग असे नाव दिले, आणि खरी गुंतागुंत तेथून सुरू झाली. हाताशी रुग्ण मोजकेच होते. इतक्या अल्प पुराव्यावर क्रेपेलिन यांनी एवढी घाई का केली? म्युनिकच्या प्रयोगशाळेची प्राग येथील प्रयोगशाळेशी असलेली चुरस हे एक कारण सांगतात. प्रागमध्ये ऑस्कर फिशर यांनी १९०७ सालीच वार्धक्यजन्य बुद्धिभ्रंशाच्या १६ रुग्णांचे मेंदू तपासून त्यांतील १२ मेंदूंत हेच गोळे दाखवून दिले होते. फिशर यांचे रुग्ण वृद्ध होते, ही गोष्ट महत्त्वाची. हे ज्यू शास्त्रज्ञ पुढे नाझींच्या कैदेत पडले आणि १९४२ साली टेरेझीन येथे वारले. त्यांच्या नावाने कोणताही रोग ओळखला जात नाही.

क्रेपेलिन यांच्या मांडणीत अल्झायमरचा रोग हा प्रौढ वयात, म्हाताऱ्यांच्या आधी, क्वचित होणारा विकार ठरला. मग सत्तरीतल्या माणसाची स्मृती जाते तिला काय म्हणावयाचे? तिला जुनेच नाव राहिले, वार्धक्य. पन्नाशीत जे रोग म्हणून गणले गेले तेच सत्तरीत निसर्गक्रम ठरले. खुद्द अल्झायमर यांना ही भिंत पटलेली नव्हती. १९११ साली लिहिलेल्या विस्तृत लेखात आपल्या रुग्णांना वार्धक्यातील बुद्धिभ्रंशापासून अलग काढण्यास पुरेसा आधार नाही, ते त्याच विकाराचे वेगळ्या वयातील रूप असावे, असे मत त्यांनी नोंदविले. परंतु पाठ्यपुस्तक हे पाठ्यपुस्तक असते. विद्यार्थी वर्गीकरण पाठ करतात. ज्याच्या नावाने ते केले त्याची शंका तळटीपेत राहते. पुढची सुमारे साठ वर्षे अल्झायमरचा रोग ही एक दुर्मिळ चीज म्हणून परीक्षेपुरती वाचली गेली, आणि कोट्यवधी वृद्ध त्या नावाच्या बाहेर राहिले.

१९१२ साली ब्रेस्लाउ विद्यापीठात, म्हणजे आज पोलंडमध्ये असलेल्या व्रोत्स्वाफ येथे, अल्झायमर यांची प्राध्यापक आणि मनोरुग्णालयाचे संचालक म्हणून नेमणूक झाली. उभ्या आयुष्यात हवे होते ते पद मिळाले, परंतु तिकडे जाताना आगगाडीतच ते आजारी पडले. संसर्गाने हृदयावर आघात केला आणि प्रकृती पुन्हा पूर्ववत झाली नाही. त्यातच महायुद्ध पेटले. आजारपण अंगावर काढीत त्यांनी काम चालू ठेवले. १९ डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्यांचा अंत झाला. ऑगस्टे डेटर इस्पितळाच्या दारी आल्या तेव्हा त्यांचेही वय तेवढेच होते. फ्रँकफर्टच्या स्मशानभूमीत पत्नीच्या शेजारी त्यांचे दफन झाले.

वृद्धांना या नावाच्या आत घेण्याचे काम ब्रिटनमध्ये न्यूकॅसल येथे सुरू झाले. मार्टिन रॉथ, गॅरी ब्लेस्ड आणि बर्नार्ड टॉमलिन्सन या तिघांनी वृद्ध रोग्यांची हयातीत बुद्धिपरीक्षा केली आणि मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूतील गोळे मोजले. जितकी बुद्धी अधिक ढळलेली तितके गोळे अधिक, हे १९६८ साली त्यांनी दाखवून दिले. १९७६ साली अमेरिकेत रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका छोट्या संपादकीयात सांगून टाकले की पन्नाशीतला आणि सत्तरीतला विकार एकच आहे, आणि तसे मानले तर देशातील मृत्यूच्या कारणांत त्याचा चौथा वा पाचवा क्रमांक लागतो. एका लेखणीच्या फटकाऱ्याने दुर्मिळ रोग राष्ट्रीय संकट झाला. मेंदू तेच होते, माणसे तीच होती; बदलले ते फक्त खाते. त्याच सुमारास तेथे वार्धक्यविषयक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली होती. तिचे पहिले संचालक रॉबर्ट बटलर हे वृद्धांच्या मानसिक आरोग्याचे जाणकार डॉक्टर. म्हातारपणासाठी संसद पैसे देत नाही, रोगासाठी देते, हे त्यांनी अचूक ओळखले आणि अल्झायमरच्या रोगाला संस्थेच्या कार्यक्रमात अग्रस्थान दिले. निधीचा ओघ तेथून वाढत गेला. अलीकडे मेंदूतील ते गोळे कमी करणारी औषधे निघाली असून २०२३ साली त्यांतील एकाला अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. गुण मर्यादित आणि किंमत भारी, असे त्याचे आजचे स्वरूप आहे.

आपल्या देशापुरते एवढेच सांगतो की ६० वर्षांवरील भारतीयांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली एका देशव्यापी पाहणीतून प्रसिद्ध झाला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना २०२४ सालापासून सरकारी आरोग्यविमा मिळाला, ही चांगली गोष्ट झाली. परंतु तो इस्पितळात दाखल झाल्यावरचा. या विकारात खर्च होतो तो घरी. आमच्या एका आत्याबाईंचे शेवटचे सहा वर्षांचे दुखणे त्यांच्या थोरल्या सुनेने काढले. रात्री-अपरात्री त्या दाराची कडी काढून माहेरी जावयास निघत आणि सून त्यांना परत आणी. तिने शिवणाचे क्लास बंद केले, त्याची मिळकत गेली. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची जी पद्धती मी दरसाल फळ्यावर शिकवितो तिच्यात त्या सहा वर्षांना एक पैशाचेही मोल नाही. पगारी दाई ठेवली असती तर तिचा पगार मोजला गेला असता. हॉखे यांच्या ताळेबंदात माणूस खर्चाच्या बाजूस होता. आमच्या ताळेबंदात त्याला सांभाळणारी बाई कोणत्याच बाजूस नाही. घरातली मंडळीही, त्यांत मी आलोच, आत्याबाईंना वय झाले एवढेच म्हणत राहिली.

ऑगस्टे डेटर यांचे टिपण मधली कित्येक दशके गहाळ होते. १९९५ च्या डिसेंबरात फ्रँकफर्टच्या विद्यापीठ इस्पितळात डॉ. कोनराड माउरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती एक निळी फाइल लागली. तीत ३२ कागद होते. त्यानंतर दोन-तीन वर्षांत म्युनिकमध्ये बाईंच्या मेंदूच्या काचपट्ट्याही सापडल्या, आणि नव्या तंत्राने त्या पुन्हा तपासल्या गेल्या. फाइलमध्ये अल्झायमर यांच्या हातची प्रश्नोत्तरे आहेत, बाईंचे छायाचित्र आहे, आणि एक कागद आहे ज्यावर त्यांना स्वतःचे नाव लिहावयास सांगितले होते. श्रीमती एवढे लिहून त्या थांबल्या. पुढचे काय ते आठवेना. डॉक्टरांनी एकेक शब्द पुन्हा सांगितला, तेव्हा त्यांनी तो कसाबसा लिहिला.